कुर्ल्या घेऊन नागपुरात

मी नागपूरला जाते म्हटल्यावर आमच्या वाडीत प्रत्येकानं एकच विचारलं, "मे महिन्यात?" आता जाऊन आल्यावर सांगते, शंका रास्त होती. पण त्या प्रवासात मला जे धक्के बसले, त्यात ऊन सगळ्यात किरकोळ. ज्यांनी कोकणाबाहेर पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही त्यांच्यातलीच होते.

माझी मुलगी मानसी नोकरीसाठी नागपूरला गेली आणि लग्न होऊन तिथलीच झाली. ती आणि जावई प्रशांत तिथल्या मिहान उद्योगनगरीत एकाच कंपनीत कामाला, तिथंच जमलं. यंदा तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज आमच्याकडे आहे आणि त्यांच्याकडेही. सातवा लागला तशी मी फोनवर रोज विचारू लागले, न्यायला कधी येऊ? ती रोज काहीतरी सांगून पुढं ढकलायची. एक दिवस मात्र बारीक आवाजात म्हणाली, "आये, माका कुर्लेचा सार होया."

कुर्ली म्हणजे आमच्या खाडीतला खेकडा. खारफुटीच्या चिखलात बिळं करून राहतो, पाठ ताटलीएवढी, रंग शेवाळी, आणि नांगी अशी की बोट सापडलं तर बोटाची आशा सोडावी. लेकीचे डोहाळे पुरवायचे ते माहेरानं. मी आमच्या ह्यांना सांगून टाकलं, आता ती काही म्हणो, मी कुर्ल्या घेऊन जाते आणि लेक घेऊन येते.

निघायचा दिवस पंचांगात बघितला. इतर बायका मुहूर्त बघतात, मी अमावास्या बघितली. अमावास्येच्या सुमाराची कुर्ली भरलेली असते, पौर्णिमेची पोकळ, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तीन मोठ्या माद्या निवडल्या, नांग्या सुंभानं करकचून बांधल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीत घातल्या. कुर्लीला पाण्याबाहेर काही होत नाही, नुसता ओलावा आणि गारवा हवा. म्हणून माझ्यासाठी कधी काढलं नसतं ते एसीचं तिकीट काढलं.

समोरच्या बर्थवर एक सभ्य गृहस्थ होते. खालून करकर आवाज यायला लागला तसं त्यांनी विचारलं, "मांजर आहे का?"

"नाही, कुर्ल्या आहेत," मी म्हटलं. "जिवंत."

त्यांनी पाय वर घेतले ते नागपूर येईपर्यंत खाली सोडले नाहीत.

दिवाणखाना

स्टेशनवर प्रशांत एकटाच आला होता. मानसी का नाही आली विचारलं तर म्हणाला, "ऊन आहे ना आई." सकाळच होती, पण बाहेर आल्यावर खरोखर तव्यावर पाय ठेवल्यासारखं वाटलं. आमच्याकडे उन्हानं घामाच्या धारा लागतात. इथं घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळतच नाही. रस्त्यावरच्या सगळ्या पोरी तोंडाला फडकी बांधून स्कूटरवर चाललेल्या, नुसते डोळे दिसत होते. मला आधी वाटलं, दंगल झाली की काय.

घर जुन्या नागपुरात, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत. मूळची ही उमरेडची विणकर मंडळी. व्याही तरुणपणी हातमागावर बसले, पुढं कारखान्यात गेले, आता निवृत्त. देवमाणूस. विहीणबाई उंच, सडसडीत, आणि बोलायला लागल्या की भांडतात असं वाटावं असा आवाज.

"या वं ताई, या! पयले पानी घ्या," म्हणत त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि माझ्या हातात एक कांदा ठेवला. मी बघतच राहिले. "पिशवीत ठेवा. ऊन लागत नाई."

मग त्यांना टोपली दिसली. "कवा निघाल्या होत्या?"

"अमावास्येला," मी अभिमानानं सांगितलं. "म्हणून तर चांगल्या भरलेल्या मिळाल्या."

विहीणबाईंचा हात छातीवर गेला. "अरे बाप्पा! दोन जिवाची पोरगी न्यायले अवसेले निघाल्या? तुमच्याइकडे चालते हे?"

चालतं की नाही याचा मी जन्मात विचार केला नव्हता. मी कुर्ल्यांची अमावास्या धरली होती. लेकीला न्यायला निघताना ती टाळायला हवी हे डोक्यातच आलं नाही. मी टोपली दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सरकवली.

मानसी आतून आली. मला मिठी मारली. चेहरा सुजल्यासारखा, पाय तर जाडजूड. मी म्हटलं, "काय गो, पाय कित्या सुजले?" ती म्हणाली, "सातव्यात सुजतात आये." दुपारी जेवायला बसलो तेव्हा आमच्या ताटात लालभडक रस्सा आला, ज्यावर तेलाचा असा तवंग की त्यात तोंड दिसावं. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. मानसीला मात्र विहीणबाईंनी वेगळ्या छोट्या पातेल्यातलं वाढलं. पांचट, पाणचट, फिकं. माझ्या डोळ्यांत तिखटानं पाणी होतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही, पण ते पातेलं माझ्या मनात रुतलं. माझ्या लेकीला ह्या घरात वेगळं पातेलं?

जेवून मी दिवाणखान्यातच आडवी झाले. तिथं खिडकीला टेकून कपाटाएवढा कूलर. खाली पाण्याची टाकी, पंप ते पाणी वाळ्याच्या जाळ्यांवर चढवतो आणि पंखा गार वारा आत फेकतो. नागपूरकरांचा उन्हाळा ह्याच्या जिवावर निघतो. वाळ्याच्या वासात मला छान डोळा लागला.

जाग आली ती खाडीच्या वासानं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा येतो तो वास. क्षणभर वाटलं, आपण घरीच आहोत. मग छताचा पंखा दिसला आणि मी ताडकन उठून बसले. वास कूलरमधून येत होता. टोपली रिकामी होती. तिच्याशेजारी सुंभाचे कापलेले तुकडे आणि एक चिरलेला कांदा.

"कुर्ल्या कुठं गेल्या?" मी किंचाळले.

व्याही धावत आले. चेहऱ्यावर समाधान. "घाबरू नका ताई. तोंडाले फेस येऊन राहिला होता बिचाऱ्याईच्या. लू लागली होती. मी त्याहिले कांदा हुंगवला, मंग कूलरच्या टाकीत सोडलं. घरात तेवढंच गार पानी हाय."

मला हसावं की रडावं कळेना. कुर्ली पाण्याबाहेर असली की तोंडाशी फेस काढतेच, ती तिची श्वास घ्यायची तऱ्हा. ह्या भल्या माणसानं तिला उष्माघात ठरवून उपचार केले होते! कैरीचं पन्हं पाजायचं तेवढं राहिलं होतं. नांग्या का सोडल्या विचारलं तर म्हणाले, "बांधलेल्या जीवाले पानी कसं पाजावं?"

ह्यावर काय बोलणार? तेवढ्यात कूलरचा पंप घरघरला आणि बंद पडला. मी म्हणतेय, "आधी बटण बंद करा," तर बटण बंद करून व्याह्यांनी दुसऱ्याच क्षणी टाकीत हात घातला. हात बाहेर आला तो बोटाला कुर्ली घेऊनच. असा ओरडा घातला की शेजारची माणसं गच्चीवर आली. विहीणबाई झाडू घेऊन कुर्लीला मारायला धावल्या, मी त्यांना धरलं, कारण डिवचलं की नांगी जास्त आवळते. व्याह्यांचा हात खाली लादीवर टेकवला, सगळ्यांना मागं सारलं. कुर्लीला पायाखाली जमीन लागली तशी तिनं बोट सोडलं आणि तिरकी चालत दिवाणाखाली गेली.

बोट वाचलं, नख गेलं. टाकीत बघितलं तर बाकीच्या दोघी मेलेल्या. आधीच थकलेल्या, त्यात नळाचं गोडं पाणी. मेलेली कुर्ली आमच्याकडे कोणी शिजवत नाही, पोटाला बाधते. मी त्या टाकायला निघाले तर विहीणबाई म्हणाल्या, "काहून फेकून राहिल्या? आताच तं मेल्या."

एवढ्या लांबून जीव मुठीत धरून आणलेलं असं गेलं, मला रडूच फुटलं. व्याही हळदीचं बोट धरून माझ्यापुढं उभे, तेही रडवेले. "ताई, म्या मुद्दाम नाई केलं जी."

फुटाळा

संध्याकाळी माझी समजूत काढायला म्हणून व्याही आणि प्रशांत मला फुटाळ्याला घेऊन गेले. "समुद्र नाई, पन आमची चौपाटी हाय," व्याही म्हणाले. तळं आहे ते. पण काठावर बघावं तर अख्खं नागपूर लोटलेलं. मक्याची कणसं, भेळ, आइस्क्रीम, आणि कठड्यावर बसून पाण्याकडे अशी बघतायत माणसं की जणू पहिल्यांदाच पाणी बघतायत. मला हसू येणार होतं, पण आलं नाही. दिवसभर भाजून निघाल्यावर त्या पाण्यावरून एक झुळूक आली आणि मीही इतरांसारखीच डोळे मिटून बसले.

"आता मानसीला घेऊन निघायचं म्हणते," मी विषय काढला. "उद्या एकीचा का होईना, सार करून घालते आणि परवाच्या गाडीनं जातो."

प्रशांत पाण्याकडे बघत राहिला. व्याही आपल्या बोटाकडे. एरवी ही माणसं एका वेळी सगळी बोलतात. त्या गप्पपणाचा मला राग आला. मनात आलं, पोरीला कामाला जुंपून ठेवायचं असेल, म्हणून पाठवत नाहीत.

सैपाकखोली

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर रस्सा घालून दिला. पोह्यांवर! तर्री म्हणतात त्याला. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पडतं, फार तर लिंबू. पण मी चकार शब्द काढला नाही, कारण मला सैपाकखोली हवी होती. उरलेली एकुलती कुर्ली रात्रभर मी ओल्या गोणपाटात, माझ्या खाटेखाली सांभाळली होती. तिच्या नांग्या मी स्वतः पुन्हा बांधल्या.

मी कुर्ली जिवंतच मोडायला घेतली तशा विहीणबाई मागं सरल्या. "जित्ती?" ज्या घरात आठवड्यातून तीनदा बकऱ्याचं मटण शिजतं तिथं हे ऐकून मी थक्क झाले. "आमच्या उमरेडकडे वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बारके खेकडे भेटतात," त्या म्हणाल्या, "हे तं कासव हाय!" पाठीचं कवच उघडलं, आत केशरी लाख, म्हणजे अंडी, गच्च भरलेली. अमावास्या वाया गेली नव्हती.

गरोदर बाईला कुर्ली उष्ण पडते, असं विहीणबाईंचं म्हणणं. मी म्हटलं, "तुमच्या रश्श्यापेक्षा उष्ण?" त्यावर त्या हसल्या आणि भिवापूरच्या मिरच्यांचा डबा माझ्यापासून लांब सरकवला. म्हणाल्या, "डॉक्टरले विचारलं म्या. ताजा असंल, चांगला शिजवला तं थोडा चालते म्हने. पन तिचं वेगळं काढा, त्या बारक्या गंजात."

तेच पातेलं. नागपुरात त्याला गंज म्हणतात. आदल्या दिवसापासून पोटात धरलेलं सगळं बाहेर पडलं.

"का म्हणून वेगळं?" मी ओरडले. "माझ्या मुलीनं तुमच्या घरात काय पाप केलंय? तिच्या ताटात फिकं पाणी आणि तुम्हाला लाल रस्सा? पाय सुजलेत तिचे, पोटात पोर आहे. चला, आजच घेऊन जाते मी तिला!"

विहीणबाईंनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "मानसी, सांग वं तुझ्या आईले. आता मले लपवनं होत नाई."

मानसी दारात आली. तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

"माझं बीपी वाढलंय आये. महिना झाला. मीठ बंद आहे, कामावरही जात नाही मी. डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही असं स्पष्ट सांगितलंय. फोनवर सांगितलं असतं तर तू नि बाबा तिकडं तळमळत बसला असतात. म्हटलं, तू ये, मग समोर सांगते. म्हणून कुर्ल्यांचं नाव काढलं. नुसतं ये म्हटलं असतं तर तुला लगेच संशय आला असता."

माझ्या हातात नांगी तशीच राहिली. मी जमिनीवर बसले. तिचं पुढचं बोलणं मला लांबून आल्यासारखं वाटत होतं. "आणि गावात काही कमीजास्त झालं तर गोव्याला न्यावं लागतं, आये. इथं हॉस्पिटल गल्लीच्या तोंडाशी आहे." मला हे ठाऊक नव्हतं का? आमच्या वाडीतल्या एका लेकीला तसं नेताना काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या पोरीच्या बाबतीत ते मनात येऊ द्यायला मी तयारच नव्हते.

"आणि त्या पातेल्यात एकटीचं नसतं," मानसी म्हणाली. "सासूबाई पण माझ्याबरोबर तेच जेवतात. काल तू होतीस म्हणून तुझ्या पंगतीला बसल्या."

"चव ना ढव," विहीणबाई पुटपुटल्या. "पन एकटीनं फिकं खाल्लं तं पोरगी रडते."

मला लाज वाटली. सरळ सांगते, जमिनीनं पोटात घ्यावं इतकी वाटली. विहीणबाईंनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "उठा, खेकडा तसाच पडला हाय."

दोघी कामाला लागलो. खोबरं त्यांनी भाजलं, वाटण मी केलं, मिरची नाही, मीठ नाही. बारक्या पायांचा रस कुटून काढला. कुर्ली शिजत आली तशी मी सवयीनं घरून आणलेली कोकमाची सोलं काढून मूठभर पातेल्यात टाकायला गेले. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. एक सोल उचलून जिभेवर ठेवलं आणि माझ्यावरच ओरडल्या, "हे तं खारट हाय! मीठ लावून वाळवता ना तुम्ही हे?"

लावतोच. आयुष्यभर हातानं मीठ चोळून सोलं वाळवली आहेत मी. त्यात मीठ असतं हे माझ्या लक्षातही आलं नाही, इतकं ते हातात भिनलेलं. डोहाळे पुरवायला आलेली आई लेकीला तेच खायला घालणार होती. विहीणबाईंनी माठाजवळची कैरी चिरून टाकली.

मानसीनं लाख आधी खाल्ली, लहानपणी खायची तशीच, डोळे मिटून. मग एक नांगी फोडून सासूबाईंच्या ताटात ठेवली. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. "याच्यात तिखट नाई, मीठ नाई," त्या चकित होऊन म्हणाल्या, "मंग हे चव कोठून येऊन राहिली?"

मागची खोली

जेवणं झाल्यावर मी ह्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग माहेरी कशी येणार ती?" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. वाडीत सगळ्यांना सांगून निघाले होते, लेक घेऊन येते म्हणून. खोली सारवून ठेवली होती, पाळणा माळ्यावरून उतरवला होता. पोरीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून होणार नाही, हे मनात आलं आणि माझा बांध फुटला.

विहीणबाईंनी ते ऐकलं असणार. दोन दिवस त्या घरात काहीतरी उलथापालथ चालली होती. अंगणापलीकडे एक मागची खोली आहे, जुने माग मोडून ठेवलेले. व्याह्यांनी एका हातानं आणि प्रशांतनं दोन हातांनी ते सगळं बाहेर काढलं. खोली धुतली, चुना दिला. छोटा कूलर आला, गॅसची शेगडी आली. मी विचारलं तर विहीणबाई म्हणाल्या, "रिवाज मोडत नाई आमी. पयलं बाळंतपन माहेरीच होईल."

"पण ती प्रवास करू शकत नाही."

"तुम्ही तं करू शकता. तुम्ही आल्याच हात. ते खोली आजपासून तुमची. तिथं मी पाय ठेवनार नाई, तुमी बोलवल्याबिगर. तुमची चूल, तुमचा सैपाक. पोरगी उद्या सकाळी माहेरी जाईल. या खेपी दिवस म्या पाहून ठेवला हाय."

सासू म्हणून ज्या बाईवर मी नाही नाही ते संशय घेतले, ती आपल्याच घरातली खोली तोडून मला देत होती.

पुढं सगळं सुखरूप झालं. पाऊस सुरू झाल्यावर नात झाली, आणि मी सवा महिना करून एकटीच परत आले. पण सांगायची आहे ती त्या सकाळची गोष्ट.

विहीणबाईंनी मानसीला सैपाकखोलीत पाटावर बसवलं. व्याह्यांनी उमरेडच्या मागावर विणलेलं पातळ तिला दिलं. विहीणबाईंनी ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं. प्रशांतनं तिची बॅग उचलली. मागच्या दारात आल्यावर विहीणबाईंनी सुनेला जवळ घेतलं आणि ही आडदांड आवाजाची बाई हुंदके देऊन रडायला लागली. "नीट जाजो वं पोट्टी. जिवाले जपजो. आमची आठवन ठेवजो." मानसी पण रडायला लागली. व्याही दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

मी पलीकडे, मागच्या खोलीच्या उंबऱ्यात भाकरतुकडा नि तांब्या घेऊन उभी होते. मधे नुसतं अंगण. मानसी ते हळूहळू चालत आली. मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना लावलं आणि तिला आत घेतलं. खाटेवर बसवलं.

मग अंगणापलीकडून विहीणबाईंचा आवाज आला.

"पोचली का वं ताई, आमची पोट्टी?"

"पोचली, विहीणबाई," मी आतून सांगितलं. "सुखरूप पोचली."